आरशासारखे खांब

दाजींनी खांबावर पंजा ठेवला, वरून खाली सावकाश फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"म्हशीच्या कातड्यावरनं हात फिरवल्यागत वाटतंय," ते म्हणाले. "रंग मारलाय का थापलाय ह्यो?"

मॅनेजर जनवाडे हसला. पुण्याची माणसं आठवडाभर मशीन लावून फवारत होती म्हणाला. फायरचा रंग आहे, नियमच आहे तसा, त्याशिवाय कारखान्याला परवानगी मिळत नाही. पण आता उद्घाटन तोंडावर आलेलं. मंत्री येणार, परदेशी गिऱ्हाइकं येणार, आणि दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते हे दर्शनी खांब. शेठ आदल्या दिवशी बघून भडकले होते. शर्टाचा कारखाना काढलाय आणि खांबांना खरूज, असं बोलले होते.

"नव्या मोटारीसारखे झाले पाहिजेत, केरबा," जनवाडे म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मी तिथंच उभा होतो, हातात ब्रश घेऊन. हातकणंगल्याच्या पुढं माळावर तो कारखाना उभा राहत होता आणि बाहेरच्या भिंतीवर नाव रंगवायचं काम माझ्याकडं होतं. केरबा लोहार हे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. जयसिंगपुरात त्यांचं गॅरेज. ठोकलेली गाडी त्यांच्याकडं आणून टाकली की परत नेताना मालकाला स्वतःची गाडी ओळखू येत नसे. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरायची, ती सुकू द्यायची, पाणी-पेपर म्हणजे ओला पॉलिशपेपर मारून घासायची, पुन्हा लांबी भरायची, ही चिकाटी माझ्यात नव्हती. अक्षरं बरी जमायची म्हणून मी बोर्ड रंगवायला लागलो.

दाजींची एक खोड होती. घासून झालं की अक्काच्या जुन्या रेशमी पातळाचा तुकडा पत्र्यावर टाकायचे आणि डोळे मिटून ओढायचे. तुकडा कुठं जरा जरी अडला तर सगळं परत. अक्का जेवणाचा डबा घेऊन यायची तेव्हा हे बघून म्हणायची, "माझ्या गालावरनं ह्या माणसानं कधी असा हात फिरवला न्हाई. मोटारीचं नशीब थोर." दाजींचे कान लाल व्हायचे.

तर दाजींनी खांबाला नख लावून बघितलं. फायरचा म्हणजे कसला, असं त्यांनी जनवाडेला विचारलं. जनवाडेला जेवढं माहीत होतं तेवढं तो एकदा बोलून बसला होता. आगीचा, म्हणाला. आगीसाठी असतो.

"म्हंजे हीट पेंट," दाजी मला म्हणाले. "आपण सायलेन्सरला मारतो त्यो. पर हीट पेंट असा मारत्यात व्हय? त्यो कागदागत पातळ पायजे. जाड झाला की तापल्यावर फुगतोय आनि खपल्या पडत्यात. शिकवलंय का न्हाई तुला?"

शिकवलं होतं. आमच्या धंद्यात ते पहिल्या महिन्यात शिकवतात. नवखा पोरगा सायलेन्सरवर जाड थर देतो, गाडी गावाबाहेर जाऊन येईपर्यंत रंगाला फोड येतात, आणि मिस्त्री त्याच्या टाळक्यात मारतो. पुण्याची माणसं काम करत होती तेव्हा मी त्यांच्याजवळ एक दातेरी पत्रा बघितला होता. ओल्या रंगात खुपसायचे, बाहेर काढायचे, डोळ्यांजवळ धरून बघायचे, आणि पुन्हा फवारायचे. दाजींना मी ते सांगितलं तर ते पोट धरून हसले. सायीची जाडी मोजत बसल्यात लेकाचे, म्हणाले.

ती माणसं काम संपवून निघून गेली होती. रिकाम्या बादल्या मागं पडल्या होत्या, त्यांच्यावर सगळं इंग्रजीत. मी त्या आवारात काय काय लिहिलं ते मला आजही पाठ आहे. भिंतीवर कारखान्याचं नाव लिहिलं. कमानीवर मंत्र्यांचं स्वागत लिहिलं. जिन्याच्या कोपऱ्यात इथं थुंकू नये, शेठच्या केबिनवर परवानगीशिवाय आत येऊ नये, असं लिहिलं. सगळ्या नकोनकोच्या पाट्या माझ्याच हातच्या. त्या खांबांवर चार शब्द लिही, की याला हात लावू नका, असं मला कुणी म्हणालं नाही. पुण्याची माणसं म्हणाली नाहीत. परवानगीवर शिक्का मारणारा साहेब म्हणाला नाही. त्याला रंग मारलेला हवा होता, तो मारलेला होता.

दाजींनी काम सुरू केलं. पाणी-पेपर लावला की खांबावरून पांढरं दूध ओघळायचं, फरशीवर त्याची थारोळी साचायची. कसला कच्चा रंग, पाण्यानं विरघळतोय, असं म्हणत दाजी आणखी जोर करायचे. बहुतेक सगळा थर त्यांनी उतरवला. मग लांबी, मग पेपर, मग अस्तराचा रंग, मग पुन्हा पेपर, आणि शेवटी मोटारीचा सायीसारखा चकचकीत रंग. मागच्या बाजूचे खांब, जिथं गठ्ठे ठेवायचे होते, ते तसेच राहिले. तिकडं मंत्री जाणार नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांनी खांबात बघून टोपी नीट केली. सगळे हसले. शेठनं दाजींना पुढं बोलावून सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि काय पाहिजे ते माग म्हणाला. दाजींनी अक्कासाठी काम मागितलं.

ते अक्कानंच त्यांच्या मनात घातलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. दाजी दिवसभर गॅरेजमध्ये, ती घरात एकटी मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची. तिला चार बायकांत बसून शिवायचं होतं, गळ्यात फोटोचं ओळखपत्र अडकवून एसटीची वाट बघायची होती. शेठ लगेच हो म्हणाला. शिलाईचा विभाग मधल्या माळ्यावर होता, लोखंडी खांबांवर उचललेला. जिना दर्शनी बाजूला. रोज सकाळी जिना चढताना अक्का खांबासमोर थांबायची, बट मागं सारायची, आणि नवी कोणी बाई बरोबर असली तर सांगायची की हे आमच्या मालकांनी केलेत. बायकांनी तिचं नावच आरसेवाली पाडलं होतं.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, जेवणाची सुट्टी संपल्यावर खाली आग लागली. जिन्याजवळच पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती, त्यांच्या मागं विजेचं कपाट. तिथून सुरुवात झाली. बायकांना खाली उतरायला वेळ होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं कोर्टात कुणालाच ते आठवेना. वेळ होता, पण सुपरवायझर ओरडत होता की आधी माल काढा. दुसऱ्या दिवशी माल बंदरावर जायचा होता. बायका तयार शर्टांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन उतरत होत्या, खाली टाकत होत्या आणि परत वर जात होत्या. अक्का एकदा खाली आली होती. तिला खाली आलेली बघणारी बाई मला नंतर भेटली. गठ्ठा टाकून ती पुन्हा जिना चढली.

मग दर्शनी खांब वाकले. ते मेणासारखे बसले, असं बघणारे सांगतात. जिना आणि माळ्याचा पुढचा अर्धा भाग खाली आला. अक्का त्याच्याखाली गेली आणि तिच्याबरोबर आणखी बायका गेल्या. काहीजणी धुराला भिऊन मागच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या. माळ्याचा तो भाग उभा राहिला. शेजारच्या फौंड्रीतल्या कामगारांनी शिड्या लावून, खिडकीचे गज कापून त्यांना बाहेर काढलं.

दाजींनी गॅरेज बंद केलं. मी दिवसा त्यांच्याकडं जाऊन बसायचो. ते फारसं बोलायचे नाहीत, आणि बोलले तर एकच बोलायचे. शेठनं कच्चं लोखंड घातलं. खांब असे वाकतात होय? भंगारातलं लोखंड वितळवून घातलं असणार, म्हणायचे. मी हूं म्हणायचो. त्या रागानं ते उठायचे, त्या रागानं चार घास खायचे. मला वाटायचं, राहू दे. माणूस कशाच्या तरी आधारानं उभा आहे.

आणि एक दिवस मला नेर्लेकर बाईंचा फोन आला. आगीची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या इंजिनिअर. वयानं माझ्यापेक्षा लहान, पायांत बूट, बोलणं तुटक. भिंतीवरच्या नावाखाली मी 'दिनू' असं माझं नाव आणि नंबर टाकला होता, तिथून त्यांनी मला शोधलं. तुम्ही बोर्ड रंगवायला इथं होता, तर दर्शनी खांबांचं काम कुणी केलं ते सांगा, म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी मला कारखान्यात बोलावलं.

काळ्या पडलेल्या पत्र्यांखालून वाकत वाकत त्या मला मागं घेऊन गेल्या. तिथं एक खांब होता. म्हणजे खांब दिसतच नव्हता. सगळीकडून काळाकरडा फेस फुगून आला होता, चार बोटं जाड, चुलीवर उतू गेलेलं दूध तिथल्या तिथं गोठून जळावं तसा. बाईंनी खिशातून सुरी काढून तो एका जागी कापला. आत लोखंड होतं, त्यावरचं तांबडं अस्तरसुद्धा जसंच्या तसं.

"हा रंग तापला की फुगतो," बाई म्हणाल्या. "त्याचं कामच ते. फुगून लोखंडाला गोधडी पांघरतो. लोखंडाला जाळ लागायला उशीर होतो आणि तेवढ्या वेळात माणसं बाहेर पडतात. जेवढा जाड, तेवढा वेळ जास्त."

पुढच्या खांबांपाशी मी गेलोच नाही, तिकडं नुसतं बघितलं. ते उघडे, पिळलेले पडले होते.

कंपनीनं काय सांगितलंय ते बाईंनी मला सांगितलं. आम्ही नियमाप्रमाणं रंग मारून घेतला होता. एका पेंटरनं कुणालाही न विचारता, स्वतःच्या मनानं तो घासून काढला. आमचा दोष नाही. जनवाडेनं शपथेवर सांगितलं होतं की मी फक्त खांब पुसून घ्या म्हणालो होतो.

मी म्हणालो, मी तिथं होतो, मी माझ्या कानांनी ऐकलंय, मोटारीसारखे करा म्हणाला होता तो. बाई म्हणाल्या, तुमचा जबाब मी घेईन, पण तुम्ही मेव्हणे, त्याला किंमत देणार नाहीत. ज्यानं काम केलं त्यानं सांगायला पाहिजे.

"त्यांची बायको गेलीय यात," मी म्हणालो. "माझी बहीण."

बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी सुरी मिटली. म्हणाल्या की रंगाबद्दल मी काही बोलणार नाही, फक्त काम कुणी सांगितलं एवढंच विचारीन.

आम्ही जयसिंगपूरला गेलो. दाजी गॅरेजच्या दारात पाटावर बसले होते. सरकारी बाई आलीय म्हटल्यावर त्यांनी आत जाऊन तिच्यासाठी खुर्ची आणली, ती स्वतःच्या सदऱ्यानं पुसली. बाईंनी हळूच विचारलं, ते दर्शनी खांब तुम्हीच केले ना?

आणि दाजी बोलायला लागले. अक्का गेल्यापासून एवढं बोलताना मी त्यांना बघितलं नव्हतं. पुण्याच्या लोकांनी कसं थापलं होतं, त्यांनी ते कसं उतरवलं, लांबीत काय मिसळलं, शेवटचा हात कसा दिला, रेशमी तुकडा कुठं अडला नाही, मंत्र्यांनी टोपी कशी नीट केली. हात हवेत फिरत होते. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. बाईंनी काहीच लिहिलं नाही. ऐकत राहिल्या.

"हे असं गुळगुळीत करा म्हणून जनवाडेंनी सांगितलं होतं ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्याला काय कळतंय फिनिशमधलं?" दाजी म्हणाले. "ती समदी माझी अक्कल. लिवा तुमी. केरबा लोहारानं आपल्या मनानं केलं म्हणून लिवा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या तेवढं लिहून उठल्या असत्या तर दाजींना त्यांचा राग राहिला असता, त्यांचं कच्चं लोखंड राहिलं असतं, आणि जिवंत असेपर्यंत त्यांना आपल्या हातांचा अभिमान राहिला असता. आणि जनवाडे आणि शेठ त्याच वाक्यावर पाय देऊन बाहेर पडले असते. माझ्या डोळ्यांसमोर अक्का डोक्यावर गठ्ठा घेऊन जिना उतरत होती. दुसऱ्यांच्या शर्टांचा गठ्ठा.

मी सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत, त्यानं माणसाला जास्त लागतं. तो हीट पेंट नव्हता दाजी, म्हणालो. तो फुगण्यासाठीच होता. जाड होता म्हणूनच लोखंड वाचणार होतं. मागचे खांब फुगले आणि उभे राहिले. लोखंड कच्चं नव्हतं.

दाजी माझ्याकडं बघत राहिले. मग बाईंकडं. बाईंनी मान खाली घातली, त्यावरून त्यांना कळलं असावं की मी खोटं बोलत नाही.

"मंग बायका उतरल्या असत्या?" त्यांनी विचारलं.

बाईंनी हातातले कागद सारखे केले.

"तुमास्नी इचारतोय, बाई."

"बहुतेक उतरल्या असत्या," बाई म्हणाल्या.

रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. दाजी त्यांच्याकडं बघत बसले, जणू काही त्या मोजायच्याच आहेत. मी जवळ सरकलो तर त्यांनी हातानं लांब राहा म्हणून खुणावलं.

मग ते म्हणाले, "लिवा. जनवाडेनं सांगितलं, मोटारीगत करा म्हणून. कसला रंग हाय ते मी इचारलं, त्यानं सांगितलं न्हाई. आनि पेपर मी मारला. दोन्ही लिवायचं. एक लिवून दुसरं सोडायचं न्हाई."

बाईंनी दोन्ही लिहिलं, दाजींनी खाली सही केली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना माझं डोकं फिरतं. कोर्टात शेठच्या वकिलानं त्यातलं 'पेपर मी मारला' एवढंच उचललं आणि तेवढंच पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. आधी माल काढा म्हणणारा सुपरवायझर साक्षीला आलाच नाही. जनवाडे आता दुसऱ्या कारखान्यात याच हुद्द्यावर आहे. शेठनं त्याच जागेवर नवी शेड बांधली. नेर्लेकर बाईंची बदली झाली. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तारखेमागून तारखेला उभा राहिला तो केरबा लोहार, ज्याची बायको त्या ढिगाऱ्यात गेली होती. निकाल लागायच्या आत ते वारले. हा न्याय ज्यांना पटतो त्यांनी आपल्या घरी जाऊन आपापल्या बायकोला तो समजावून सांगावा.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. बाई निघायला लागल्या तेव्हा दाजी उठून उभे राहिले आणि मला पण घेऊन चला म्हणाले. मी नको म्हणालो, बाईही नको म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही, गाडीत जाऊन बसले.

कारखान्यात पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, जळक्या पत्र्यांच्या भोकांतून आत येत होतं. पुढच्या खांबांजवळून ते न थांबता गेले. जिथं जिना होता त्या जागेला मात्र त्यांनी वळसा घातला, पाय पडू नये म्हणून. मागच्या खांबासमोर उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं केला. फेसाचा तुकडा बोटांखाली चुरला, गोवरीच्या राखेसारखा हलका. त्यांनी तो नाकाशी नेला, तळहातावर घोळवला, बाईंनी कापलेल्या जागेतून आतलं तांबडं अस्तर बघितलं. त्या अस्तरावरून एक बोट फिरवलं.

"काय रंग केलाय रं दिनू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखाद्या उस्तादाचं काम बघून बोलावं तसं बोलले. "कुनाच्या डोस्क्यातनं निघालं आसंल हे."

मला वाटलं आता ते रडतील. रडले नाहीत. खांबाला पाठ लावून हळूहळू खाली बसले. सदऱ्याची पाठ काळी झाली.

"एवडंच सांगायचं हुतं मला," ते म्हणाले. "फुगतो म्हणून. एवडं एकच. म्या त्येला बोट लावलं नसतं. उलट तुज्या अक्काला इतं आनून ह्यो खांब दावला असता. म्हनलो असतो, काय झालंच तर जिन्याकडं पळू नगंस. हितं, ह्येच्याजवळ यिऊन हुबी ऱ्हा."